अहवाल आटोपशीर, जबाबदारी पूर्ण

आज १ एप्रिल. २०२६-२७ हे आर्थिक वर्ष सुरू होत आहे. दरवर्षी या दिवशी नव्या वह्या उघडल्या जातात आणि जुन्या वर्षाचा ताळेबंद जुळवायला घेतला जातो. यंदाच्या वर्षाला मात्र आणखी एक अर्थ आहे. ‘सेबी’ने जुलै २०२३ मध्ये आखलेल्या वेळापत्रकातला हा शेवटचा टप्पा. बाजारमूल्यानुसार पहिल्या १५० सूचिबद्ध कंपन्यांपासून सुरू झालेली आणि टप्प्याटप्प्याने २५० व ५०० कंपन्यांपर्यंत गेलेली अट या वर्षी पहिल्या १००० कंपन्यांपर्यंत पोहोचायची आहे. कंपनीने किती ऊर्जा वापरली, किती पाणी उपसले, किती कचरा कुठे टाकला, कामावर किती माणसे जखमी झाली, पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी दिले, याचे आकडे वार्षिक अहवालात नुसते छापून भागणार नाही. ते तिऱ्हाइताकडून तपासून घ्यावे लागतील.

नेमक्या याच सुमारास जगात उलटे वारे वाहू लागले आहेत. कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांचे सर्वांत तपशीलवार नियम ज्या युरोपीय संघाने केले, त्यानेच ते मोठ्या प्रमाणात छाटले. आपल्याकडेही उद्योगांच्या संघटना ‘अनुपालनाचा बोजा’ कमी करा, असे सांगत आहेत आणि काही बाबतींत त्यांचे म्हणणे मान्यही झाले आहे. या मागणीत तथ्य आहे आणि धोकाही आहे. दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत, तर पंधरा वर्षे खपून उभे केलेले काम दोन-चार परिपत्रकांत मोडीत निघेल.

आमचे म्हणणे सरळ आहे. हे नियम सोपे व्हायलाच हवेत. पण कात्री चालली पाहिजे ती पुनरुक्तीवर, शब्दबंबाळ निवेदनांवर आणि एकच माहिती दहा कार्यालयांना दहा नमुन्यांत देण्याच्या रिवाजावर. उत्तरदायी कोण, मोजायचे काय आणि तपासायचे कोणी, या तीन गोष्टींना तिने हात लावता कामा नये.

आपल्याकडे हा विषय कालपरवाचा नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ मध्ये उद्योगांच्या सामाजिक, पर्यावरणीय व आर्थिक जबाबदाऱ्यांची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढच्याच वर्षी ‘सेबी’ने पहिल्या १०० सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारी अहवाल बंधनकारक केला. ती संख्या पुढे ५०० झाली आणि २०१९ च्या अखेरीस १००० वर गेली. मे २०२१ मध्ये नवा, अधिक नेमका नमुना आला. तोच ‘बीआरएसआर’, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल. २०२२-२३ पासून तो पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीचा झाला. सचोटी, सुरक्षित उत्पादन, कामगारांचे हित, मानवी हक्क, पर्यावरण, ग्राहक अशा नऊ तत्त्वांवर तो उभा आहे. त्यातल्या मोजता येण्याजोग्या नऊ बाबी निवडून ‘बीआरएसआर कोअर’ तयार झाला आणि पडताळणीची अट त्याला जोडली गेली. म्हणजे आपल्या नियामकाने आधी मोठा नमुना केला, मग त्यातला गाभा वेगळा काढला आणि तपासणीचा भर त्या गाभ्यावर दिला. सुलभीकरणाची ही शहाणी पद्धत होती आणि तिचे श्रेय ‘सेबी’ला दिलेच पाहिजे.

या गाभ्यात काय आहे ते पाहा. पाण्याचा प्रश्न घ्या. नदी-धरणाचे पाणी किती घेतले, भूजल किती, टँकरने वा अन्य पुरवठादाराकडून किती, समुद्राचे किती, हे किलोलिटरमध्ये लिहायचे. नंतर सांडपाणी कुठे गेले, ते प्रक्रिया करून सोडले की तसेच, आणि प्रक्रिया केली असेल तर कोणत्या पातळीपर्यंत, तेही लिहायचे. जायकवाडीच्या पाण्यावर शेती, शहरे आणि औद्योगिक वसाहती असा तिघांचाही हक्क असलेल्या राज्यात या तक्त्याचे मोल वेगळे सांगायला नको. धरण तळाला गेलेल्या वर्षी कोणत्या कंपनीने किती पाणी उचलले, हे गावकऱ्याला कळण्याचा हा एक अधिकृत मार्ग आहे. कंपनीतल्या एकूण वेतनापैकी महिलांच्या हाती किती टक्के गेले, मालाची खरेदी लघुउद्योगांकडून किती झाली, लहान गावांत रोजगार किती दिला, हेही या गाभ्यात विचारले आहे. यातला एकही प्रश्न निरर्थक नाही.

मग तक्रार कशाची आहे? ती समजून घ्यायची तर मुंबईतल्या मुख्यालयांत जाऊन चालणार नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी मध्यम फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. तिचे ओतीव सुटे भाग दोन-तीन मोठ्या वाहन कंपन्यांना आणि एखाद्या परदेशी ग्राहकाला जातात. कार्यालयात हिशेबनीस एकच. जीएसटीची विवरणपत्रे, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, बँकेचा स्टॉक स्टेटमेंट सगळे त्याच्याच टेबलावर. त्यात एका ग्राहकाची शाश्वतता प्रश्नावली येते. तिला आर्थिक वर्षाचे आकडे हवेत. दुसऱ्याची येते, तिला जानेवारी ते डिसेंबरचे. एकाला ऊर्जा युनिटमध्ये हवी, दुसऱ्याला गिगाज्यूलमध्ये. तिसऱ्याला आकड्यांआधी संचालक मंडळाने संमत केलेली मानवी हक्कांची, जैवविविधतेची आणि वर्तनसंहितेची धोरणे जोडून हवीत. उत्तर वेळेत गेले नाही तर वेंडर रेटिंग घसरते आणि पुढच्या ऑर्डरवर परिणाम होतो. मालक मग सल्लागार गाठतो. सल्लागार दुसऱ्या कारखान्यासाठी केलेले धोरण नाव बदलून देतो. कागद पूर्ण होतो, कारखान्यात काहीच बदलत नाही.

खरे तर यातली मोजणी सोपी आहे. महावितरणच्या बिलावर युनिट छापलेले असतात. एका युनिटमागे किती कर्ब उत्सर्जन धरायचे, याचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. सध्या तो साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. महिन्याला एक लाख युनिट वीज लागत असेल, तर सुमारे ७० टन. डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो. वापरून झालेली वाळू किती निघाली आणि कुठे टाकली, हे ट्रॅक्टरच्या फेऱ्यांवरून कळते. अपघातांची नोंदवही कारखान्यात असावीच लागते. हा गुणाकार-बेरजेचा हिशेब कोणताही हिशेबनीस एका दुपारी करू शकेल. त्याला नको जीव होतो तो हाच हिशेब चार ग्राहकांच्या चार नमुन्यांत, चार मुदतींत बसवताना.

मोठ्या कंपन्यांची अडचणही खोटी नाही. ऊर्जाबचतीची माहिती कंपनी कायद्याखाली संचालकांच्या अहवालात द्यायची, तीच पुन्हा शाश्वतता अहवालात. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत पुन्हा त्याच मंडळाला, प्लास्टिकच्या जबाबदारीचे आकडे केंद्रीय मंडळाच्या वेगळ्या पोर्टलवर. सूक्ष्म व लघुउद्योगांची ४५ दिवसांहून अधिक थकलेली देणी कंपनी व्यवहार मंत्रालयाला सहामाहीला कळवायची, आणि देणी भागवण्याचे दिवस शाश्वतता अहवालात पुन्हा मोजून दाखवायचे. प्रत्येक ठिकाणी एकके निराळी, कालावधी निराळा, व्याख्या निराळी. मग एकाच कारखान्याच्या एकाच वर्षाच्या कचऱ्याचे दोन वेगळे आकडे दोन सरकारी दप्तरांत राहतात आणि दोन्ही कागदोपत्री बरोबर ठरतात. नियमांचा असा पसारा प्रामाणिक माणसाला दमवतो आणि लबाडाला लपायला जागा देतो. म्हणून सुलभीकरणाची मागणी आम्हाला रास्त वाटते.

रास्त मागणीच्या आडून दुसरेच काही मंजूर होऊ शकते, हे मात्र युरोपात दिसले. तिथे एकाच वर्षात दोन प्रकारची सुलभीकरणे झाली आणि ती शेजारी ठेवून पाहिली की फरक लख्ख कळतो.

पहिले उदाहरण आयातीवरच्या कर्ब समायोजन कराचे, म्हणजे ‘सीबॅम’चे. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाच्या निर्मितीत झालेल्या उत्सर्जनाचा हिशेब आयातदाराकडून घेणारी ही व्यवस्था. आपल्या पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम निर्यातदारांना ती चांगलीच परिचयाची आहे. मूळ नियमात अगदी किरकोळ मूल्याचा माल वगळता प्रत्येक आयातदार तिच्यात अडकत होता. २०२५ मध्ये मर्यादा बदलली आणि वर्षाला ५० टनांपर्यंत असा माल आणणाऱ्यांना सूट मिळाली. त्यामुळे जवळजवळ ९० टक्के आयातदार सुटले आणि तरीही सुमारे ९९ टक्के उत्सर्जन हिशेबात राहिले. आधी आकडे तपासले, ओझे कुठे आहे आणि धूर कुठे आहे हे पाहिले, मग रेषा ओढली. लहान व्यापाऱ्याची सुटका झाली आणि नियमाची धारही बोथट झाली नाही.

दुसरे उदाहरण खुद्द शाश्वतता अहवालांचे. २०२२ च्या अखेरीस संमत झालेला युरोपीय कायदा सुमारे ५० हजार कंपन्यांना लागू व्हायचा होता. त्याच्या मानकांत हजाराहून अधिक माहितीघटक होते. ते फार होते, यात वाद नाही. त्यांपैकी सक्तीचे घटक निम्म्याहून अधिक कमी करण्याचे काम तिथल्या मानक संस्थेने हाती घेतले, ते योग्यच झाले. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने मांडलेला प्रस्ताव तिथे थांबला नाही. यादीतल्या जवळजवळ ८० टक्के कंपन्याच त्याने बाहेर काढल्या. मे महिन्यात युरोपीय मध्यवर्ती बँकेने सुचवले की ५०० ते १००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना सरसकट वगळण्याऐवजी सोपी मानके लावावीत. कर्ज देणाऱ्यांना आणि गुंतवणूकदारांना जोखीम कळायची तर माहिती हवीच, ही त्यामागची भूमिका. ती सूचना बाजूला पडली. डिसेंबर २०२५ मध्ये जी तडजोड झाली आणि युरोपीय संसदेने जिला मान्यता दिली, तिच्यात मर्यादा आणखी वर गेली: १००० हून अधिक कर्मचारी आणि ४५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल. पडताळणी पुढे अधिक कडक करण्याचा विचारही सोडून देण्यात आला. पहिल्या उदाहरणात प्रश्न सुटसुटीत झाला. दुसऱ्यात, ज्यांना प्रश्न विचारायचा त्यांतले बहुतेक जण वर्गाबाहेर गेले. दोन्हींना ‘सुलभीकरण’ हेच नाव दिले गेले, म्हणून दोन्हींची किंमत सारखी होत नाही.

त्याच तडजोडीत एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. लहान कंपन्यांसाठी तिथे एक ऐच्छिक, छोटेखानी नमुना तयार केला आहे आणि १००० पर्यंत कर्मचारी असलेल्या पुरवठादाराला त्या नमुन्यापलीकडची माहिती देण्याची सक्ती बड्या कंपनीला करता येणार नाही, असे ठरले आहे. प्रश्नांवर वरून मर्यादा घालण्याची ही कल्पना आपल्या फाउंड्रीवाल्याला सर्वाधिक दिलासा देणारी ठरेल.

आता आपल्याकडे वळू. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सेबी’च्या संचालक मंडळाने काही बदल ठरवले आणि मार्च २०२५ च्या परिपत्रकाने ते लागू झाले. पूर्वी बड्या कंपन्यांना आपल्या एकूण खरेदी-विक्रीच्या ७५ टक्के भाग भरून निघेल इतक्या पुरवठादारांची आणि वितरकांची माहिती द्यायची होती. आता ज्यांचा खरेदीत किंवा विक्रीत प्रत्येकी किमान २ टक्के वाटा आहे, त्यांच्यापुरतीच ती मर्यादित झाली. हा बदल उत्तम. शेकडो लहान पुरवठादार त्यामुळे मोकळे झाले आणि मोठे दुवे हिशेबात राहिले. पण त्याच परिपत्रकाने मूल्यसाखळीची ही माहितीच ऐच्छिक करून टाकली. मर्यादा नेमकी केल्यावर अट काढण्याचे कारण उरत नव्हते. पहिल्या बदलाने ओझे हलके झाले होते, दुसऱ्याने जबाबदारीच हलकी झाली. हा निर्णय ‘सेबी’ने फिरवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरा बदल शब्दाचा दिसतो, पण तो व्यवहाराचा आहे. तपासणीसाठी आता पूर्ण पडताळणीऐवजी ‘मूल्यमापन’ही चालेल आणि त्याची मानके उद्योग संघटनांचा मंच ‘सेबी’शी सल्लामसलत करून ठरवील. खर्च कमी व्हावा आणि हे काम केवळ लेखापरीक्षकांची मक्तेदारी होऊ नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पर्यावरण अभियंता सांडपाण्याचा आकडा सनदी लेखापालापेक्षा अधिक चांगला तपासू शकेल. पण ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच परीक्षेचे नियम लिहायचे, ही रीत कोणत्याच क्षेत्रात चांगली ठरलेली नाही. या मानकांवर कामगार संघटना, पर्यावरण तज्ज्ञ आणि गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी यांची मोहर असल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास बसणार नाही.

पुरवठासाखळीचा आग्रह आम्ही का धरतो? कारण अपाय बहुतेक तिथेच होतो. ज्या ब्रँडचे नाव आपल्या गाडीवर असते, त्याच्या मुख्य कारखान्यात स्वच्छता असते, यंत्रांना संरक्षक कठडे असतात, डॉक्टर असतो. त्याच गाडीचा पत्र्याचा छोटा भाग मात्र दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर दाबून निघतो. सेन्सर नसलेला किंवा काढून टाकलेला प्रेस खाली येतो आणि कामगाराची बोटे जातात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने वाहन उद्योगाच्या पुरवठासाखळीतल्या अशा अपघातांचे अहवाल काढत आहे. हरियाणापासून पुण्याच्या पट्ट्यापर्यंत हेच चित्र तिने नोंदवले आहे. जखमी होणारे बहुतेक कंत्राटी असतात, तरुण असतात, स्थलांतरित असतात. कंपनीच्या अहवालात मात्र तिच्या स्वतःच्या आवारातल्या अपघातांचाच दर दिसतो. साखळीची माहिती ऐच्छिक केली की ही बोटे कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

रासायनिक उद्योगांचेही तेच. २०१६ मध्ये आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाले, माणसे गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा वसाहतींतले बहुसंख्य कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नसतात. पहिल्या हजारांच्या यादीत ते कधीच येणार नाहीत. त्यांच्यापर्यंत शाश्वततेचा प्रश्न पोहोचवणारा दुवा एकच, त्यांच्याकडून माल घेणारी मोठी कंपनी. तिला विचारणे थांबले, तर त्यांना विचारणारे फक्त सरकारी निरीक्षक उरतात, आणि त्यांची संख्या व साधने किती अपुरी आहेत, हे डोंबिवलीकरांनी पुरेपूर भोगले आहे.

पडताळणीचा आग्रह का, याचे उत्तर शेजारच्या गुजरातने दिले आहे. तिथे प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना पर्यावरण लेखापरीक्षण सक्तीचे होते, पण लेखापरीक्षक कारखानदारच निवडायचा आणि तोच त्याला पैसे द्यायचा. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद आणि सुरत परिसरात एक प्रयोग केला. काही कारखान्यांना लेखापरीक्षक सोडतीने नेमून दिले, त्यांचे मानधन सामायिक निधीतून दिले आणि त्यांनी नोंदवलेल्या आकड्यांची अधूनमधून फेरतपासणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. जुन्या पद्धतीतल्या लेखापरीक्षकांचे आकडे मर्यादेच्या किंचित आत येऊन थांबत होते. नव्या पद्धतीत खरे आकडे समोर आले. आणि महत्त्वाचे म्हणजे, त्या कारखान्यांनी प्रदूषण प्रत्यक्षात कमी केले. प्रदूषणाची मर्यादा तीच होती, नवा प्रश्नही कोणी विचारला नव्हता. बदलले ते एवढेच की तपासणारा खऱ्या अर्थाने तिऱ्हाईत झाला. नियम सोपे करू पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा प्रयोग वाचला पाहिजे. थोडे प्रश्न आणि पक्की तपासणी, हाच त्याचा धडा आहे.

मग करायचे काय? आपल्या मातीत याचे उत्तर फार जुने आहे. गावच्या महसुली दप्तरात एकवीस नमुने असतात. पण शेतकऱ्याच्या हाती पडतो तो सातबारा, सातवा आणि बारावा नमुना एकत्र केलेला एकच कागद. जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा काय, पीक कोणते, सगळे त्यावर. बँक तो मानते, न्यायालयात तो पुरावा म्हणून जातो, कोणीही तो मागू शकतो. आणि त्याच्या प्रत्येक नोंदीमागे फेरफाराचा क्रमांक असतो, जो खोलात जाऊन तपासता येतो. कंपन्यांच्या शाश्वतता अहवालाला हीच रचना हवी: वाचणाऱ्यासाठी एक पान, तपासणाऱ्यासाठी त्यामागे पूर्ण नोंद.

त्यासाठी काही ठोस पावले टाकावी लागतील. पहिले, माहिती एकदाच घ्यावी. वीज, पाणी, कचरा, अपघात, थकलेली देणी यांचे आकडे एका नमुन्यात, एका कालावधीसाठी, एका पोर्टलवर भरले जावेत आणि ‘सेबी’, कंपनी व्यवहार मंत्रालय, प्रदूषण नियंत्रण मंडळे आणि कामगार खाते यांनी ते तिथूनच उचलावेत. तंत्रज्ञान आपल्याकडे आहे. शाश्वतता अहवाल आजही शेअर बाजारांना यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात द्यावे लागतात. अडथळा आहे तो खात्याखात्यांमधल्या भिंतींचा, आणि तो केंद्र सरकारनेच दूर करायचा आहे. एका ठिकाणी भरलेला आकडा सगळीकडे दिसू लागला की दोन दप्तरांत दोन आकडे ठेवण्याची सोयही संपेल.

दुसरे, लघुउद्योगांना विचारायच्या प्रश्नांना कमाल मर्यादा घालावी. वीज, इंधन, पाणी, कचरा, अपघात, किमान वेतन आणि बालमजुरी, एवढे एका पानात मावते. बड्या कंपनीला यापलीकडे काही हवे असेल, तर ते मिळवण्याचा खर्च आणि मनुष्यबळ तिने द्यावे. सुरक्षिततेच्या अपेक्षा लादणाऱ्याने सेन्सर बसवण्याच्या खर्चातही वाटा उचलावा. कोल्हापूर, चाकण, भोसरी, नाशिक, वाळूज इथल्या उद्योजक संघटनांनी ही मागणी एकत्र येऊन लावून धरायला हवी.

तिसरे, धोरण आहे का, समिती आहे का, प्रशिक्षण झाले का, असे हो-नाहीचे प्रश्न आणि त्यांना जोडून येणारी पानोपानीची निवेदने मोठ्या प्रमाणात काढून टाकावीत. सॉफ्टवेअर कंपनीला आणि साखर कारखान्याला एकच प्रश्नपत्रिका देण्यातही अर्थ नाही. एकीला तिच्या विदाकेंद्रांची वीज विचारा, दुसऱ्याला मळी आणि सांडपाणी. उद्योगानुरूप दहा-पंधरा नेमके आकडे हे साठ पानी गद्यापेक्षा कितीतरी अधिक सांगतात.

चौथे, तपासणाऱ्याची नेमणूक कंपनीच्या मर्जीवर राहू नये. कंपनीला सल्ला विकणाऱ्याने तिची पडताळणी करू नये, ही ‘सेबी’ची २०२३ ची अट कायम ठेवावी, आणि गुजरातच्या प्रयोगाप्रमाणे काही अहवालांची सोडतीने निवडून फेरतपासणी करावी. खोटा आकडा दिल्यास दंड झाला पाहिजे आणि तो जाहीर झाला पाहिजे.

पाचवे, हे सगळे लोकांना वाचता आले पाहिजे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ जून २०१७ रोजी तारांकनाची योजना सुरू केली होती. धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांच्या मोजणीवरून कारखान्याला एक ते पाच तारे. चौथी शिकलेल्या माणसालाही कळेल इतके ते सोपे होते आणि त्यामागे प्रत्यक्ष नमुने घेऊन केलेली मोजणी होती. तोच विचार पुढे नेऊन प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीत त्या कारखान्याचे एक पान मराठीत लावले जावे. अहवाल ज्यांच्या पाण्याबद्दल आणि हवेबद्दल आहे, त्यांच्या भाषेत तो असणे ही मेहेरबानी नाही, तो त्यांचा हक्क आहे.

या साऱ्यावर एक आक्षेप येईल. चीन, व्हिएतनाम, बांगलादेशाशी स्पर्धा करताना आपल्या उद्योगाच्या पायात हे लोढणे कशाला? आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. ‘सीबॅम’सारख्या व्यवस्थेत ज्याच्याकडे स्वतःचे तपासलेले आकडे नसतात, त्याच्या मालाला ठोकळ गृहीत आकडे लावले जातात आणि ते सहसा त्याच्या तोट्याचे असतात. म्हणजे मोजणी नसलेला निर्यातदारच मार खातो. शिवाय वीज आणि पाणी मोजू लागलेला कारखाना दोन्ही वाचवू लागतो, हा ऊर्जालेखापरीक्षण करून घेतलेल्या उद्योजकांचा नित्याचा अनुभव आहे. आणि अपघाताचा खर्च कारखानदाराने भरला नाही, म्हणून तो नाहीसा होत नाही. तो कामगाराच्या घरी जातो, आणि नदी बिघडली तर खालच्या गावाच्या दवाखान्यात जातो. अहवालाचे काम हा खर्च जिथे निर्माण झाला तिथे दाखवण्याचे आहे.

नियम सोपा झाला की सैल झाला, हे ओळखण्याची कसोटी अवघड नाही. बदलानंतर तीन माणसांना विचारावे. कारखान्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्याला, दुसऱ्या फळीतल्या शेडमधल्या कंत्राटी कामगाराला आणि बिलाची वाट पाहणाऱ्या लघुउद्योजकाला. त्यांना आधी जे कळू शकत होते, ते आता अधिक सहज कळते का? उत्तर होय असेल तर सुधारणा झाली. नाही असेल तर फक्त सूट दिली गेली, मग परिपत्रकाला नाव काहीही असो.

देशात सर्वाधिक नोंदणीकृत गुंतवणूकदार आपल्या महाराष्ट्रात आहेत. येत्या काही महिन्यांत वार्षिक अहवाल हाती येतील आणि सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक कंपन्यांच्या सर्वसाधारण सभा होतील. ज्यांच्याकडे दहा-वीस का होईना, पण शेअर आहेत, त्या वाचकांना आमची विनंती आहे. लाभांशाचे पान पाहून झाले की तीन ओळी जरूर शोधा: कंत्राटी कामगारांसह किती अपघात झाले, पाणी कुठून घेतले व कुठे सोडले, आणि पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी दिले. आकडे सापडले नाहीत, तपासलेले नसले किंवा पुरवठासाखळीचे पान कोरे असले, तर सभेत उभे राहून विचारा. भागधारक म्हणून तो तुमचा अधिकार आहे. कात्री कुठे चालवायची हे ‘सेबी’ ठरवील, पण उत्तर मागणारे लोक आहेत हे तिला आणि कंपन्यांना दाखवण्याचे काम आपले आहे.